नॉर्फोकचं आख्यान

वाईला आमच्या नदीकाठच्या देवळात दत्तात्रयबुवा कीर्तनाला उभे राहिले की द्वारका डोळ्यांपुढे यायची. वेशीतून आत शिरलं की डावीकडे सोनारांची दुकानं, पुढे पाण्याचा हौद, हौदाला वळसा घातला की समोर राजवाडा. माझी आत्या यात्रेला निघाली तेव्हा बुवांना वाट विचारून गेली होती. बुवा स्वतः साताऱ्याच्या पुढे कधी गेलेले नव्हते. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर बुवांबद्दलचा आदर वाढलाच. डोळ्यांनी पाहिलेलं काय, कुणीही सांगेल.

हे आधी सांगितलं ते अशासाठी, की २००२ सालच्या हिवाळ्यात ट्रलीच्या हॉस्पिटलात मी जे केलं, त्याचं मूळ तिथं आहे. थोडं खापर बुवांच्या माथी गेलं तर मला तेवढंच हलकं वाटेल.

आयर्लंडात आमच्यासारख्या बाहेरून आलेल्या डॉक्टरांची नेमणूक सहा महिन्यांची. जानेवारी आला की गाठोडी बांधा, जुलै आला की पुन्हा बांधा. तीन वर्षांत लेटरकेनी झालं, स्लायगो झालं, डब्लिनला क्लोनडॉकिनमधलं भाड्याचं घर झालं, आणि मग, पहिल्यांदाच वर्षभरासाठी, केरी काउंटीतलं हे ट्रली. आमचा पितळी गणपती प्रत्येक वेळी टॉवेलात गुंडाळून चित्राच्या मांडीवर बसून प्रवास करायचा. नव्या घरात स्वयंपाकघरातल्या प्रेसचा, म्हणजे तिकडच्या भाषेत कपाटाचा, वरचा खण त्याचा. शेजारी चहाचे कप. दार उघडलं की दर्शन, लावलं की शेजारती.

गणपतीची तक्रार नव्हती. तक्रार स्वरांगीचीही नव्हती, आणि तेच वाईट होतं. पोर आठ वर्षांची. क्लोनडॉकिनच्या शाळेत तिसऱ्या आठवड्यात चित्रानं सहज विचारलं, "तुझ्या शेजारी बसते तिचं नाव काय गं?"

"डोन्ट नो."

"अगं, मग विचार ना तिला."

"वी'ल बी गॉन बाय जुलै, आई," स्वरांगी म्हणाली. रडून नाही, रुसून नाही. बसचं वेळापत्रक सांगावं तसं.

ट्रलीत काय झालं कोण जाणे. दुसऱ्याच आठवड्यात ती घरी आली आणि बोटं दुमडत नावं म्हणायला लागली. ऊना, ईफा, किअरा, ग्रोन्या... दहा बोटं संपली, तेव्हा चित्राच्या हाताचा अंगठा धरून तिनं अकरावं नाव मोजलं. चित्रा तशीच कणकेच्या हातानं माझ्याकडे वळली. "अहो, आता इथून हलायचं नाही. काय वाट्टेल ते करा."

करण्यासारखी एक गोष्ट होती. आमच्या सर्जरी विभागात पुढच्या उन्हाळ्यात रजिस्ट्रारची एक कायमची जागा निघणार होती, आणि ती देणं मिस्टर थर्टल यांच्या शब्दावर होतं. मिस्टर थर्टल म्हणजे आमचे मुख्य सर्जन. तिकडे सर्जन मोठा झाला की डॉक्टरचा मिस्टर होतो. चित्राला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे शिकून शिकून शेवटी साधा माणूसच."

साधे म्हणावेत तर थर्टलसाहेब बोलायचेच नाहीत. उंच, किंचित वाकलेला इंग्रज माणूस, ऑपरेशन थिएटरात तासन्‌तास फक्त हात पुढे करून अवजारं मागणारा. अशा माणसाकडे जागेचा विषय काढायचा तरी कसा?

"कसा म्हणजे? सीधा विचारा ना, सर," रणजित म्हणाला. हा नागपूरचा, माझा ज्युनिअर, टक्कल पडायला लागलेला तिशीतला ब्रह्मचारी. "जास्तीत जास्त काय, नाही म्हणेल."

"अरे, असं तोंड वर करून कसं विचारायचं? आधी माणसाशी जरा बोलणं व्हायला हवं. सूर जमला पाहिजे."

"सूर जमेपर्यंत जुलै येते, सर."

मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. आम्ही ज्या मेडिकल कॉलेजात घडलो तिथं बॉसनं 'अर्ज कर' म्हटल्याशिवाय अर्ज करणं म्हणजे बॉसच्या तोंडावर गाऊन फेकण्यासारखं. आणि लहानपणापासून ऐकलेलं आख्यान ते, द्वारकेच्या मित्राकडे पोह्यांची पुरचुंडी घेऊन गेलेल्या गरिबाचं. त्यानं तोंडातून एक अक्षर काढलं नाही, आणि घरी येऊन बघतो तो झोपडीच्या जागी वाडा. हे ज्याच्या कानांवर पडलंय त्याला मागायला जमत नाही. रणजितच्या नागपुरात कीर्तनं होत नसावीत.

थिएटरच्या मुख्य नर्स ब्रीडाबाईंनी वाट दाखवली. "युअर मॅनला बोलतं करायचंय? पक्षी काढ विषयात. पक्ष्यांसाठी वेडा आहे तो." युअर मॅन म्हणजे तिकडच्या बोलीत 'तो गृहस्थ', इथं आमचे साहेब.

मला माहीत कावळा, चिमणी आणि पोपट. त्याच संध्याकाळी मी गावातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात गेलो. पुस्तकांच्या फळीवर पक्ष्यांचं एकच पुस्तक होतं: इंग्लंडच्या नॉर्फोक काउंटीच्या किनाऱ्यावर पक्षी कुठे, कधी आणि कसे बघावेत. १९७६ सालची छपाई, पाठीला डिंक, आतल्या पानावर चहाचा गोल डाग. नॉर्फोक इंग्लंडच्या पार त्या टोकाला आहे, मधे अख्खा समुद्र आहे, हे मला दिसत होतं. पण मी म्हटलं, पक्षी ते पक्षी. त्यांना कुठं काउंटी असते?

दुसऱ्या दिवशी ब्रीडाबाईंनी माझ्या हातात ते पुस्तक पाहिलं आणि त्यांच्या भुवया टोपीत गेल्या. "नॉर्फोक? तुला कसं कळलं? युअर मॅन नॉर्फोकचाच आहे की!"

मला कळलं नव्हतं. मी घरी जाऊन प्रेसचं दार उघडलं आणि गणपतीला साष्टांग घातला. त्या स्वयंपाकघरात साष्टांग घालायचा तर पाय हॉलमध्ये जायचे.

मग मी अभ्यासाला लागलो. अभ्यास आपल्याला एकाच पद्धतीनं येतो. चौदा प्रकरणं, दोनशे बारा पानं. रोज पहाटे आंघोळ करून, निरांजन लावून, प्रेससमोर उभं राहून एक पान मोठ्यानं. क्लेचं चर्च डाव्या हाताला ठेवून बांधावरून समुद्राकडे जावे. ब्लेकनीला धक्क्यापाशी गाडी लावावी, पण मोठ्या भरतीच्या दिवशी लावू नये. स्नेटिशॅमला भरतीच्या आधी तासभर पोचावे, म्हणजे चिखलावरचे हजारो नॉट पक्षी एकदम उठताना दिसतात.

"गणपतीला काय वाटत असेल?" चित्रा चहा गाळता गाळता म्हणायची.

"त्याला काय वाटायचंय? ऐकतोय."

"तो ऐकेल हो. त्याला सुपाएवढे कान दिलेत. शेजारचे भिंतीवर ठोकतात त्याचं काय?"

डिसेंबरात एका बुधवारी, हर्नियाच्या ऑपरेशनला, मी मंगलाचरण केलं. "सर, स्नेटिशॅमला आता नॉट आले असतील."

थर्टलसाहेबांचे हात थांबले. मास्कच्या वरचे डोळे माझ्याकडे वळले. "तुम्हाला स्नेटिशॅम माहीत आहे?"

"चांगलं माहीत आहे, सर," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं. माझ्याइतकं स्नेटिशॅम स्नेटिशॅमच्या लोकांनाही माहीत नसेल.

"सांगा."

मी चौथं प्रकरण सांगितलं. कुठं वळायचं, कुठं वारा लागतो, कुठल्या तळ्याच्या कडेनं वाकून जायचं. मॉनिटरचा टाळ चालू होता. कधी मी आवाज खाली घेतला, कधी पक्ष्यांचा थवा उठवताना वर नेला. ते आपोआप झालं, लहानपणचे कान होते. हर्निया शिवून झाला तेव्हा भरती ओसरली होती. साहेब म्हणाले, "पुढच्या बुधवारी क्ले घ्या."

मग दर बुधवारी गजर. ब्रीडाबाई हातमोजे चढवताना विचारायच्या, "आज कुठं, डॉक्टर यशो?" भूल देणारा डॉक्टर एकदा म्हणाला की पेशंटला झोपवताना माझा टिचवेलचा दलदलीचा भाग फार उपयोगी पडतो. मी यशोधन, आधीच्या एकाही हॉस्पिटलात माझं निम्मं नावसुद्धा कुणी उच्चारलं नव्हतं. इथं निम्मं जमलं होतं.

फेब्रुवारीत मी नववं प्रकरण घेतलं, हंस्टंटन. समुद्रात आत गेलेला लोखंडी खांबांवरचा लांब धक्का, त्याच्या टोकाशी एक बाक, बाकावर बसलं की खाली लाटांवर आयडर बदकं.

साहेबांनी टाका अर्ध्यावर ठेवला. "टोकापर्यंत जाता येतं?"

"येतं की, सर. वारा असतो, पण बाकाची पाठ उंच आहे."

"हं," ते म्हणाले. "बाक." आणि अर्ध्यावरचा टाका हळूच ओढून घेतला. मला वाटलं, रंगलं.

इतकं रंगलं, की पुढच्या रविवारी त्यांनी मला आपल्या गाडीतून नेलं. ट्रलीच्या बाहेर ब्लेनरव्हिल आहे. पांढरी पवनचक्की, कालवा, आणि पुढं ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची खाडी. चिखलावर पक्षी चरत होते. काळी मान, गळ्याशी पांढरी रेघ, अंगानं बदकापेक्षा थोरले. ब्रेंट! पुस्तकातलं चित्र जसंच्या तसं. फक्त पोट काळपट हवं होतं आणि ते फिकट होतं. पान एकशे अठ्ठेचाळीस: फिकट पोटाचा ब्रेंट, अत्यंत दुर्मीळ, दिसल्यास काउंटीच्या नोंदणीदारास तत्काळ कळवावे.

"सर," मी कुजबुजलो, "तो दुर्मीळ आहे. आणि त्याच्या पलीकडचाही."

"हो का?"

"आणि... सर, ते सगळेच दुर्मीळ आहेत."

साहेबांनी दुर्बीण खाली केली. चिखलावर हजारभर दुर्मीळ पक्षी निवांत चरत होते. "नॉर्फोकला येतात ते सायबेरियाचे," ते हळू आवाजात म्हणाले. "काळ्या पोटाचे. हे कॅनडाच्या उत्तरेकडचे. आयर्लंडात येतात ते हेच. कामावर येताना मी रोज बघतो."

दुसरा कुणी असता तर हसला असता. त्यांनी मला फ्लास्कमधला चहा दिला.

त्या दिवसापासून मात्र मी दर रविवारी आपण होऊन ब्लेनरव्हिलला जायला लागलो. जागेसाठी म्हणावं तर त्यात जागेचं काही नव्हतं. पुस्तक घरी ठेवून जायचो, ते तिथं चालत नव्हतंच. स्वरांगी यायची, कधीकधी ऊनाला घेऊन. ते पक्षी चरताना सारखे आपापसांत पुटपुटत असतात. बुवा यायच्या आधी देवळात मंडळी बसलेली असतात ना, कुणी टाळाची दोरी सोडवतंय, कुणी सुनेची चौकशी करतंय, अगदी तसा आवाज. ऐकत दोन तास जायचे. चित्रानं एकदा येऊन पाहिलं आणि म्हणाली, "आपल्याकडे नदीच्या चिखलात एवढं काही बसलं असतं तर कुणी वळून बघितलं नसतं." पण पुढच्या रविवारी तिनं तिघांचे डबे भरले.

मार्चमध्ये जागेची जाहिरात लागली. मुदत महिनाअखेरच्या शुक्रवारची. मी अर्ज लिहिला, प्रमाणपत्रं जोडली, आणि सगळं पाकीट प्रेसमध्ये गणपतीच्या पायाखाली ठेवलं. आता साहेबांनी एकदा 'अर्ज करा' म्हणायचा अवकाश.

"मी भरला फॉर्म, सर," रणजित म्हणाला. "तुमचा?"

"सर अजून म्हणाले नाहीत."

"ते कशाला म्हणतील?"

"अरे, सगळं तोंडानं म्हणावं लागत नाही. बघ तू."

आणि गुरुवारी, मुदतीच्या आदल्या दिवशी, हात धुता धुता थर्टलसाहेब आपण होऊन म्हणाले, "यशोधन, तुमच्यासाठी काहीतरी करतोय. दोन आठवड्यांत सांगतो. काळजी नको." पूर्ण नाव, एकही अक्षर न गाळता.

मी घरी पेढ्यांसाठी दूध आटवायला सांगितलं. शुक्रवार आला आणि गेला. पाकीट गणपतीच्या पायाखालीच राहिलं. आता अर्ज करणं म्हणजे साहेबांच्या शब्दावर अविश्वास.

दोन आठवड्यांनी त्यांनी मला खोलीत बोलावलं आणि पत्र पुढं सरकवलं. स्वतः प्रसन्न. इतके दात त्यांना आहेत हे मला नव्यानंच कळलं. "माझा वर्गमित्र आहे तिकडे. सगळं त्याला कळवलं. त्यांना तुम्ही हवे आहात. कायमची जागा. घर मिळेल, किनारा वीस मिनिटांवर."

पत्र नॉर्फोकच्या हॉस्पिटलचं होतं.

मी 'थँक यू, सर' म्हणून बाहेर आलो. घरी चित्रानं पत्र दोनदा वाचलं. मग प्रेस उघडून गणपतीच्या पायाखालचं पाकीट काढलं, दोन्ही शेजारी शेजारी ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "उद्या जाऊन खरं सांगा. सगळं. मधे एकही पक्षी न आणता."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. बसायच्या आधीच बोललो, नाहीतर बोललोच नसतो. "सर, मी नॉर्फोक पाहिलेलं नाही. कधीच."

"माहीत आहे मला," थर्टलसाहेब म्हणाले.

"कधीपासून?"

"हंस्टंटनचा धक्का अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत वादळात गेला. मी बावीस वर्षांचा होतो. तुम्ही मला त्याच्या टोकाच्या बाकावर बसवलंत."

मला जमीन दुभंगली तर बरं, असं झालं. "मग मला थांबवलं का नाहीत, सर?"

"बाकावर बरं वाटत होतं."

खिडकीबाहेर अँब्युलन्स मागं येत होती, तिचं पीं पीं थांबलं. मग मी म्हणालो, "सर, मला इथंच राहायचं होतं. ट्रलीत. मुलीला इथं अकरा मैत्रिणी आहेत."

त्यांनी चष्मा काढला. "इथं? यशोधन, जाहिरात पंधरा दिवस भिंतीवर होती. मुदत संपत आली तरी तुम्ही अर्ज केला नाहीत, तेव्हा माझी खात्रीच पटली. माणूस न पाहिलेला मुलूख दोनशे पानं पाठ कशाला करेल? तिथं जायची तळमळ असल्याशिवाय? मला वाटलं, मागायला संकोचताय, म्हणून मीच..."

"मागणारच होतो, सर. विषय तिकडंच नेत होतो."

"कुठून?"

"नॉर्फोकहून," मी म्हणालो.

साहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला, पुसलेलाच पुन्हा पुसला. "डॉक्टर रणजित दारातच उभे राहिले होते. म्हणाले, मला ही जागा हवी आहे. दीड मिनिट लागलं. मुलाखत झाली, परवा सही झाली." कीर्तनात मागणं शेवटी येतं. मी पूर्वरंगात होतो, तोवर रणजित आरती करून प्रसाद घेऊन घरी गेला होता.

दोष कुणाला द्यायचा? रणजित तर पेढे घेऊन आला आणि दारात चित्राच्या पाया पडून रडला. "वहिनी, आईशपथ, मला वाटलं सरांचं दुसरीकडे ठरलंय." मलाही न मागता वाडा मिळालाच होता. फक्त तो दुसऱ्याच गावी होता.

जुलैत आम्ही निघालो. ब्रीडाबाईंनी गणपतीसाठी नवा टॉवेल दिला, "तुमच्या त्या हत्तीला, इट'ल बी ग्रँड." थर्टलसाहेबांनी स्वतःची दुर्बीण माझ्या गळ्यात घातली. स्वरांगीनं शाळेच्या दारात अकरा जणींना अकरा वेळा मिठी मारली आणि गाडीत येऊन बसली.

नॉर्फोकला पोचल्यावर पहिल्या सुट्टीला मी हंस्टंटन गाठलं. समुद्र होता, वारा होता, धक्का नव्हता. साहेबांना कार्ड टाकलं: सर, बाकावर बसून आलो.

घर छान होतं. प्रेस मोठा होता, गणपतीला स्वतंत्र खण मिळाला. शाळा सुरू होऊन सहा आठवडे झाले. चित्रानं एकदा शेजारच्या बाकावरच्या मुलीचं नाव विचारलं, स्वरांगी म्हणाली, "डोन्ट नो." कायमची जागा आहे गं, आता कुठं जायचं नाही, असं मी तिला दोनदा समजावलं. तिनं ऐकून घेतलं. तिच्या वयाच्या माणसानं बाबाचं किती ऐकावं यालाही मर्यादा आहेत.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्लेकनीला गेलो. धक्क्यापाशी गाडी लावली. भरती मोठी नव्हती, मी बघून घेतलं होतं. खारट दलदलीवर ब्रेंट उतरले होते, शेकड्यांनी, सगळे काळ्या पोटाचे. पुस्तक अखेर खरं बोलत होतं. माझं मात्र लक्ष लागेना. शेजारी एक म्हातारा तिकाटण्यावर मोठी दुर्बीण लावून बसला होता आणि वहीत मोजदाद करत होता.

"अहो," चित्रा एकदम म्हणाली, "तो बघा. डावीकडून सातवा. आपल्याकडचा आहे."

आजवर चित्राच्या तोंडी आपल्याकडे म्हणजे वाई. मी दुर्बीण लावली. एवढ्या काळ्या पोटांत एक फिकट पोट खाली मान घालून चरत होतं. पान एकशे अठ्ठेचाळीस. मी म्हाताऱ्याला सांगितलं. त्यानं माझ्याकडे एकदा संशयानं पाहिलं, मग आपल्या दुर्बिणीला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"बरोबर," तो शेवटी म्हणाला आणि वहीत लिहायला लागला. "चाळीस वर्षं बघतोय मी, तरी माझ्या नजरेतून सुटला. तुम्हाला पक्षी चांगले कळतात."

"नाही हो," मी म्हणालो. "एवढा एकच ओळखतो."

स्वरांगीनं माझ्या गळ्यातून दुर्बीण ओढून घेतली. खूप वेळ बघत राहिली. "ही'ज ऑल ऑन हिज ओन," ती तिच्या अस्सल केरी हेलात म्हणाली.

"दिसतो तसा," म्हातारा म्हणाला. "पण बघ, त्यांच्यातच चरतोय."

तिनं पुन्हा पाहिलं. मग दुर्बीण खाली केली आणि म्हाताऱ्याकडे वळली. "व्हॉट'स युअर नेम?"

"सिरिल."

"सिरिल," स्वरांगी म्हणाली, आणि हाताचा अंगठा दुमडला.